राबणारे शरीर आणि घडणारे शरीर

आपल्या समाजात एक बोलणे सर्रास ऐकू येते. ‘आपण राबणारी माणसं. आपल्याला व्यायामाची काय गरज? व्यायाम बसून खाणाऱ्यांनी करावा.’ पारावर, आडतीवर, विहाराच्या ओट्यावर हे बोलणे चालते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, उलट आपल्या कष्टाचा अभिमानच असतो. परंतु माझी मुलगी फुटबॉल खेळू लागली आणि हे बोलणे मला तपासून पाहावे लागले. तपासताना जे हाती आले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

मी बेंबळीचा. गेली बावीस वर्षे हमाली करतो. पूर्वी क्विंटलचे पोते पाठीवर घ्यावे लागे, आता ५० किलोचा कट्टा असतो. दहा टनांची गाडी म्हणजे २०० कट्टे. आम्ही चौघे असलो तर एकेकाच्या वाट्याला ५० कट्टे येतात. म्हणजे एका गाडीमागे एका माणसाच्या पाठीवरून अडीच हजार किलो माल जातो. सोयाबीनच्या हंगामात दिवसाला अशा दोन गाड्या तरी होतात. हा हिशेब पाहिला तर माझ्यासारखा माणूस पंचक्रोशीत सर्वांत बलवान असायला पाहिजे. प्रत्यक्षात पन्नाशीच्या आतच जिना उतरताना मला कठडा धरावा लागतो, आणि सकाळी पाठ सरळ व्हायला अर्धा तास लागतो. माझ्या बरोबरीच्या बहुतेकांची हीच गत आहे.

आता दुसरीकडे पाहा. मोठमोठ्या क्लबांचे फुटबॉलपटूही वजने उचलतात. हंगामात आठवड्यातून एकदा-दोनदा, तास-पाऊण तास. तेवढ्यावर त्यांची मांडी भरते, उडी वाढते, धाव वाढते. किलो तर दोन्हीकडे सारखाच असतो. मग त्यांचे शरीर घडते आणि आमचे झिजते, हे कसे?

हा प्रश्न मला पडला तो मुलीमुळे. आमचा धाराशिव जिल्हा तसा खो-खोचा. आपल्या जिल्ह्याच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला खो-खो संघाने २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉल मात्र आमच्याकडे उशिरा आला. २०१७ साली १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्या देशात झाला. त्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्रभर शाळाशाळांतून फुटबॉल खेळवला गेला आणि शाळांना चेंडू वाटले गेले. त्या वेळी माझी लेक लहान होती. पण चेंडू तिच्या पायाला चिकटला तो चिकटलाच. पुढे ती शाळेच्या संघात आली.

शालेय स्पर्धा आणि सोयाबीनची काढणी साधारण एकाच सुमारास येतात. शाळा सुटली की मैदान, आणि सुट्टीच्या दिवशी आईबरोबर रान, असा तिचा क्रम होता. एका वर्षी ऐन स्पर्धेच्या तोंडावर तिचा गुडघा दुखू लागला. आमची म्हातारी म्हणाली, “रानातली काटक पोरगी हाय, तिला काय होतंय? तेल लावून चोळा.” मी तिला घेऊन क्रीडाशिक्षकांकडे गेलो. गुडघ्याला हात लावण्याआधी त्यांनी मलाच विचारले, “मामा, ही झोपते किती तास? सकाळी काय खाऊन येते? सुट्टीच्या दिवशी काय काम करते?”

मी सगळे सांगितले. सर म्हणाले, “हिला सराव कमी नाही, विश्रांती कमी आहे. आणि खाणं कमी आहे. थकलेल्या पायावर सराव केला की पाय घडत नाही, मोडतो.”

त्यानंतर सरांनी थोडेथोडे करून जे समजावले, आणि पुढे मी स्वतः जे वाचले, त्याचे सार असे.

व्यायाम करताना स्नायू वाढत नाही. व्यायामाने स्नायूला ताण बसतो, बारीक इजा होते. ती भरून काढताना शरीर तो स्नायू पहिल्यापेक्षा मजबूत बांधते. हे बांधकाम पुढचा दिवस-दीड दिवस चालते. त्याला दोन गोष्टी लागतात, अन्न आणि झोप. घर बांधताना विटा आल्या नाहीत आणि गवंड्याला वेळ दिला नाही तर भिंत कशी उभी राहील? म्हणून घडणीचे सूत्र तीन पदांचे आहे. मापात ताण, पोटभर योग्य अन्न आणि पुरेशी विश्रांती. यांतले एक पद गळाले की उरते ती नुसती झीज.

मोठ्या खेळाडूंचे शिक्षक या सूत्राची किती काळजी घेतात ते पाहण्यासारखे आहे. अव्वल दर्जाचा फुटबॉलपटू ९० मिनिटांच्या सामन्यात १० ते १२ किलोमीटर अंतर काटतो. त्यातले बरेचसे चालणे आणि हळू पळणे असते. पण सामन्याचा निकाल लागतो तो दहा-वीस मीटरच्या जोरदार धावांवर, उड्यांवर आणि अचानक वळण्यावर. धावताना दर पावलाला पायावर शरीराच्या दुपटीहून जास्त भार येतो. तो भार पेलता यावा म्हणून ताकदीचा व्यायाम. जड वजन चार-पाच वेळा उचलायचे, मग दोन-तीन मिनिटे थांबायचे, मग पुन्हा. वजन एकदम वाढवायचे नाही, आठवड्यागणिक थोडे थोडे वाढवायचे. सामन्याच्या आदल्या दिवशी जड काम बंद, दुसऱ्या दिवशी हलके काम. सरावाच्या वेळी त्यांच्या पाठीवर बंडीत एक छोटे यंत्र असते. कोण किती पळाला, किती वेळा जोरात थांबला, हे त्यावर कळते. आकडा ठरलेल्या मापाबाहेर जाऊ लागला की शिक्षक त्या खेळाडूचे काम कमी करतो.

हे ऐकले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमचा धक्का उभा राहिला. त्यांच्याकडे यंत्र सांगते, आता पुरे. आमच्याकडे गाडी सांगते, अजून शंभर आहेत. मुकादम पोती मोजतो, माणूस मोजत नाही. एकाच खांद्यावर, एकाच बाजूला वाकून, तीच हालचाल हजार वेळा. मध्ये थांबणे नाही, खाणे वेळेवर नाही, रात्री उशिरा गाडी आली तर झोपही नाही. आमच्या कामात ताण आहे, पण सूत्रातली बाकीची दोन पदे नाहीत. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन शहरातील लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीवरून २०२१ साली असे दिसून आले की, फावल्या वेळात केलेल्या व्यायामाने हृदयविकार आणि मृत्यूचा धोका कमी होतो, तर कामाच्या ठिकाणच्या जड कष्टाने तो वाढतो. तिकडच्या कष्टकऱ्याचे हे हाल, तर आपली कथा काय सांगावी?

तात्पर्य, राबणे आणि व्यायाम या एक गोष्टी नाहीत. राबण्यात शरीर दुसऱ्यासाठी खर्च होते. व्यायामात शरीर स्वतःसाठी कमावले जाते.

हे ज्ञान परदेशातूनच आले असे मात्र समजू नये. आपल्या कोल्हापुरात फुटबॉलचे संघ आहेत, त्यांची नावे पाहा. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. राजर्षी शाहू महाराजांच्या त्या नगरीत फुटबॉल तालमीच्या अंगणात वाढला. आणि तालमीतल्या पैलवानाला हे सूत्र ठाऊक होतेच. जोर-बैठकांनंतर खुराक, खुराकानंतर झोप. पण तो खुराक, ते बदाम आणि ते तूप कुणाच्या ताटात पडत होते आणि कुणाच्या नाही, हे आपल्या वाडवडिलांना विचारा. ज्यांना येसकरीची शिळी भाकर दारोदार फिरून गोळा करावी लागे, त्यांच्या पोरांना खुराक कुठला? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे सोडायला सांगितले. त्यात स्वाभिमानाचा प्रश्न होता, तसाच आपल्या लेकरांच्या ताटाचाही होता, असे मला वाटते.

आता ताटाचा हिशेब सांगतो, कारण आमच्या भगिनींना त्याचाच उपयोग जास्त. खेळणाऱ्या मुलाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने लागतात. माझी मुलगी ४५ किलोची आहे, म्हणजे तिला ५४ ते ७२ ग्रॅम. आमच्या गल्लीतल्या एका पोराने दोन आठवड्यांच्या मजुरीत पावडरीचा डबा आणला. माझ्या मुलीलाही तसाच डबा हवा होता. सरांनी वहीवर आकडे मांडून दाखवले. ज्वारीच्या चार भाकरींत सुमारे २४ ग्रॅम, दोन वाट्या घट्ट डाळीत १४, दोन अंड्यांत १२ आणि ५० ग्रॅम शेंगदाण्यांत १२. बेरीज ६२ झाली. त्यात मूठभर सोयावडी घातली की आणखी १५. आमच्या शिवारात सोयाबीनच सोयाबीन पिकते. मी ते पाठीवर वाहतो, पण त्याची वडी आमच्या कालवणात क्वचितच पडत असे. आता आठवड्यातून तीनदा पडते. डब्याची गरज राहिली नाही.

परंतु डाळ घट्ट असली पाहिजे. आपल्याकडे घरात पाहुणे वाढले की डाळीत पाणी वाढते, आणि ती पातळ डाळ शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात पडते. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. रक्त कमी असेल तर धावणाऱ्या मुलीला लवकर दम लागतो, मग तिचे शिक्षक कितीही चांगले असोत. सारिकाताई काळे यांनी मुलाखतीत सांगितले आहे की, बिकट परिस्थितीमुळे कित्येक वर्षे त्यांना दिवसातून एकदाच जेवण मिळत असे. त्या उपासातून त्या पुढे आल्या, ही त्यांची थोरवी. पण त्या थोरवीच्या गोष्टी सांगून आपण आपल्या लेकींना उपाशी ठेवू नये. शाळेच्या पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडे सुरू झाले होते. २०२५ च्या सुरुवातीला त्यासाठीचा निधी सरकारने थांबवला. तेव्हा हे अंडे आता आपल्यालाच आपल्या घरात द्यावे लागणार, आणि मुलाइतकेच मुलीलाही.

२०२२ साली १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. आपल्या संघाची कर्णधार होती अष्टम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या आदिवासी मजुराची मुलगी. तिच्या मानाखातर सरकारने तिच्या गावात घरापर्यंत रस्ता बांधायला घेतला, आणि त्याच रस्त्यावर तिचे आईबाप रोजंदारीने काम करत होते. त्या स्पर्धेत आपला संघ अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असा हरला. माझी मुलगी सामने पाहून खट्टू झाली. मी तिला म्हणालो, “बाई, त्या पोरींच्या जिद्दीत काही कमी नव्हतं. समोरच्या पोरींना पाळण्यातल्या वयापासून पोटभर दूध-अंडं मिळालेलं. हे अंतर ९० मिनिटांत कसं भरून निघावं?”

बिनपैशाचे ज्ञानही पुष्कळ आहे, ते घ्यावे. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने ‘इलेव्हन प्लस’ नावाचा पूर्वतयारीचा व्यायाम बसवला आहे. १५ प्रकार, वेळ साधारण २० मिनिटे. आधी हळू पळणे, मग पोट, पाठ आणि मांडीची ताकद, एका पायावर तोल, उडी मारून नीट उतरणे, शेवटी वेगाने पळणे. साहित्य एक चेंडू आणि खुणेला चार दगड. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर याचा प्रयोग झाला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दिसले. मुलींच्या गुडघ्याचे लिगामेंट मुलांपेक्षा दुप्पट-तिप्पट प्रमाणात तुटते, म्हणून उडीनंतर उतरताना गुडघे आत वळू न देणे त्यांनी शिकलेच पाहिजे. आणखी एक व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभे राहायचे, सोबतीणीने मागून घोटे धरायचे आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचे. मांडीमागचा स्नायू फाटण्याचे प्रमाण त्याने जवळजवळ निम्मे होते. मोठ्या क्लबांचे खेळाडू हेच करतात. आमच्या मुली पोत्यावर गुडघे टेकून करतात. माल वाहून फाटलेल्या पोत्याचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

धम्माच्या दृष्टीनेही मी याचा विचार केला. सोण नावाचा एक भिक्खू होता. सुखात वाढलेला, तळपाय कोवळे. त्याने चंक्रमण इतके केले की पाय फुटून वाट रक्ताने भिजली, तरी चित्त स्थिर होईना. तेव्हा तथागतांनी त्याला त्याच्या वीणेची आठवण दिली. तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? फार सैल सोडल्या तर वाजते का? दोन्हीला सोणाने नाही म्हटले. तसेच उद्योगाचे आहे, असे तथागतांनी त्याला समजावले. विहारात ही कथा आपण ऐकतो ती साधनेविषयी. मला ती माझ्या मुलीच्या गुडघ्याविषयीही वाटते, आणि कामकरी माणसाच्या पाठीविषयीही. आपल्या तारा कुणी सैल सोडल्याच नाहीत.

एकदा रात्री जेवताना मुलगी म्हणाली, “आबा, मला सर थांब म्हणतात. तुम्हाला कोण म्हणतं? आईला कोण म्हणतं?” तिची आई भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. मला उत्तर देता आले नाही.

पुढे विचार करता उत्तर सापडले. ‘थांब’ म्हणणारा एक माणूस आपल्याला लाभला होता. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या काळात कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजेचा कायदा झाला आणि कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचे पाऊल पडले. विश्रांती ही मालकाची मेहरबानी नसून मजुराचा हक्क आहे, हे कायद्यात लिहिले गेले. पुढे १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी-हमालांसाठी कायदा झाला. हमालांच्या संघटना झगडल्या म्हणून पोते हलके झाले. कायदा मात्र प्रत्येक धक्क्यावर आणि प्रत्येक चुलीपाशी आपोआप पोहोचत नाही. तो आपण पोहोचवायचा असतो.

म्हणून आमच्या टोळीतल्या चौघांनी ठरवले. २५ कट्टे झाले की पाच मिनिटे बसायचे, पाणी प्यायचे, खांदा बदलायचा. पहिल्या दिवशी मुकादम कुरकुरला. चार दिवसांनी गप्प झाला, कारण गाडी रिकामी व्हायला वेळ फारसा वाढला नव्हता. घरात ठरवले की सामन्याच्या आठवड्यात मुलीने रानात जायचे नाही, आणि रात्री साडेनऊला दिवा बंद. तिच्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. तिची मजुरी बुडते. हंगामातला तो पैसा आमच्यासारख्या घराला थोडा नाही. त्यातून किराणा येतो, वह्या येतात. मी आणि तिच्या आईने बोटांवर हिशेब केला आणि तो तोटा सोसायचे ठरवले. पाणी भरणे थोरल्या मुलाकडे दिले. पहिले दोन दिवस त्याने तोंड वाकडे केले, पण भरतो. आईच्या विश्रांतीचे अजून जमलेले नाही. रविवारी दुपारच्या भाकरी मी थापतो. गोल होत नाहीत, पण पोट भरते.

मुलीचा गुडघा सहा आठवड्यांत बरा झाला. त्या वर्षीची स्पर्धा तिची हुकली. पुढे ती विभागाच्या संघात जाईल, की जिल्ह्यातच राहील, की बारावीनंतर नर्सिंगला जाऊन चेंडू सोडेल, हे मला सांगता येत नाही. पण ती कुठेही गेली तरी तिचे शरीर तिच्या मालकीचे राहील. कुठे जोर लावायचा आणि कुठे थांबायचे हे तिला कळेल. आमच्या पिढीला ते कळण्याआधीच गुडघे गेले.

वाचकहो, १४ एप्रिल आपण थाटाने साजरा करतो आणि करावाच. पण वर्गणीतला एक हिस्सा बाजूला काढून गावातले एक मैदान सपाट करता येईल, खेळणाऱ्या मुला-मुलींना हंगामभर रोजचे एक अंडे देता येईल. डॉल्बीचा आवाज रात्रीत विरतो. पोटात गेलेले अंडे हाडात राहते. प्रत्येक विहारापुढे सायंकाळी २० मिनिटे मुले-मुली एका रांगेत उभी राहिली, तर त्याला खर्च काय? आपल्या लेकरांना कष्ट कसे करावेत हे शिकवायची गरज नाही, ते त्यांच्या रक्तात आहे. मापात जोर लावणे, पोटभर खाणे आणि हक्काने विसावणे, हे त्यांना शिकवू या.

जयभीम!